हंड्यात कोंडलेली नावं

एका राज्याची नदीपलीकडच्यांशी लढाई संपली, पण रडणं काही संपेना. राजा धैर्यसेन वैतागला. त्याने मांत्रिक बोलावला. मांत्रिकाने मेलेल्यांची सगळी नावं तांब्याच्या हंड्यात कोंडली, झाकण घातलं, हंडा डोंगरावर ठेवला. हाक मारायला नावच नाही, तर रडणार कसं? राज्य गप्प झालं. राजा म्हणाला, बरं झालं. मोठा शहाणाच की नाही!

पण त्या मुलखात, नदीच्या दोन्ही काठांना, एक रीत होती. घरातलं माणूस गेलं, की पुढच्या बाळाला त्याचंच नाव ठेवायचं. आत्याने ते कानात सांगायचं, मग बाळ डोळे उघडायचं. आता नावंच नाहीत, तेव्हा बाळं डोळे मिटून पडली. दूध घेईनात.

तिथे सारजा नावाची कोष्टीण होती. तिचा भाऊ लढाईत पडला, मागे भावजयीला मुलगा झाला. बाराव्या दिवशी सारजा पाळण्यावर वाकली, तर ओठांवर नाव येईना.

भावजय म्हणाली, "वन्सं, बाळ हातचं चाललं."

सारजा तशीच उठली नि डोंगर चढली.

हंड्यावर साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "तीन कामं कर, झाकण उघडेल. पहिलं, पराक्रम सोडून तुझा भाऊ कसा होता, ते सांग."

"भात खाताना मचमच आवाज करायचा. पाण्याला भ्यायचा. लढाईला निघाला, तर आईच्या पाया पडायचं राहिलं म्हणून वेशीवरनं परत आला."

"दुसरं, रड."

सारजा रडायचं विसरली होती. दुपार झाली तेव्हा पहिला हुंदका आला, मग दिवस मावळेपर्यंत थांबला नाही.

"तिसरं. आत नदीपलीकडच्यांचीही नावं आहेत. मी सांगते, तू मोठ्याने घे."

सारजा संतापली. "त्यांनीच मारलं त्याला. त्यांची नावं मी घेऊ?"

"मग घरी जा."

सारजा बसली. बाळासाठी दात-ओठ खात पहिलं नाव घेतलं, दुसरं घेतलं. शंभराव्याला तिने विचारलं, "याला बहीण होती का गं?"

"दोन होत्या."

पुढची नावं तिने हळू घेतली. शेवटच्या नावाला झाकण उघडलं, नावं घरोघर गेली. सारजा धावत आली, बाळाच्या कानात म्हणाली, "गोंदाजी." बाळाने डोळे उघडले नि दुधासाठी भोकाड पसरलं.

राज्यभर रडणं सुरू झालं. राजा चिडून बाहेर आला, पण लढाईत पडलेल्या त्याच्याही थोरल्या मुलाचं नाव त्याला आठवलं होतं. तो पायरीवर बसून पोरासारखा रडला. सारजाला बोलावून म्हणाला, "बाई, चूक माझी." दरवर्षी त्या दिवशी सगळी नावं चौकात घ्यायची, असा त्याने हुकूम काढला.

महिन्याने नदीपलीकडून एक बाई आली. कडेवर डोळे उघडलेलं मूल.

"माझ्या भावाचं नाव परत आलं, ते तुमच्या आवाजात आलं," ती म्हणाली. "म्हणून शोधत आले."

सारजाने पाट मांडला. म्हणाली, "बसा. तुमचा भाऊ कसा होता, ते सांगा."

जशी त्यांची माणसं नावानिशी घरी आली, तशी तुमचीआमचीही येवोत.