अंगाऱ्याची गोडी

"मग सांग, भक्ती मोजायची कशानं?" दगडूबाबांनी विचारलं.

"अंगाऱ्यानं," दिगंबर म्हणाला. विचार करायला थांबलासुद्धा नाही. "चिमूट घेणारी निम्मी भक्तीण. मूठ घेणारी पुरी."

दिगंबर म्हणजे बाबांचा पट्टशिष्य. असं तो स्वतःच सांगायचा, बाबांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. टेकडीवरच्या मठात धुनी पेटती ठेवायची आणि आल्यागेल्याला अंगारा द्यायचा, एवढंच काम. पण रुबाब असा, की सूर्यसुद्धा सकाळी ह्याच्याच धुनीवर पेटवून नेत असावा.

त्या दिवशी तो फुगला होता सुंदरामुळं. सुंदरा गावातल्या गिरजाबाईची सून. दुसऱ्या खेपेची पोटुशी, सातवा सरत आलेला. पहिलं पोर गेलेलं, म्हणून सासूनं हिला मठाच्या पायाशी आणून घातली होती.

बाकीच्या बाया अंगारा कपाळाला लावायच्या, फार तर जिभेच्या टोकाला. सुंदरा तळहात चाटायची. मग बोटं चाटायची. मग आणखी मागायची. सकाळी येऊन गेली तरी संध्याकाळी पुन्हा हजर.

"अशी भक्तीण तुम्हालाबी आजवर घावली नसंल, बाबा."

बाबा म्हणाले,

"घेऊन ये तिला. सासूलाबी."

आल्या दोघी. सासू तरातरा चढून आली. सून पायरीपायरीला टेकत आली आणि वर आल्यावर खांबाला धरून उभी राहिली. ओठ असे, जणू पिठात बुडवून काढलेत. तोंडावर हे तेज चढलंय ते अंगाऱ्याचं, असं दिगंबरानं कुणी न विचारता सांगून टाकलं.

बाबांनी तिला बसवलं. चोरानं चोराला विचारावं तसं हळूच विचारलं,

"गोड लागतो व्हय गं अंगारा?"

सुंदरानं सासूकडं बघितलं. सासूनं मान हलवली. मग ती म्हणाली, गोड नाही लागत, पण वास असा सुटतो की राहवत नाही.

आणखी काय काय खावंसं वाटतं, असं बाबांनी विचारलं, आणि पोरीचं तोंड एकदा उघडलं ते मिटेना. चुलीचा पोपडा. नुकती सारवलेली भिंत. मूठभर कच्चे तांदूळ. आणि दिराच्या पोरांच्या पाटीवरच्या पेन्सिली… त्या तर कुडुमकुडुम.

दिगंबराचं तोंड लांबलं. त्याचा अंगारा पेन्सिलींच्या पंगतीला जाऊन बसला होता.

"डोहाळे हैत, बाबा," गिरजाबाई म्हणाली. "पोटुशी बाई माती खातीच."

"माझ्या थोरल्या बहिणीनं अख्खा कोनाडा चाटून संपवला," बाबा म्हणाले. "गाव म्हणालं, डोहाळे हैत."

"मग?"

"कोनाडा लिंपून घेतला परत. बहीण न्हाई राहिली."

…

मग बाबांनी सासूला सांगितलं, सुनेची खालची पापणी जरा ओढून बघ. तिनं ओढली. आत धुतल्या धोतरासारखं पांढरं.

"आता ह्याची बघ."

दिगंबर नको नको म्हणतोय तोवर गिरजाबाईनं त्याची पापणी धरली. खुरपं धरणारा हात तो. दिगंबर महाराजांची मान मागं गेली, टाचा वर आल्या. आत डाळिंब फुटल्यासारखं लालभडक.

"मठाचं दूधतूप हाय ते," बाबा म्हणाले.

सुंदरा फिसकन हसली. गिरजाबाईला काही हसू आलं नाही.

बाबांनी समजावून सांगितलं. पोरीच्या अंगात रक्त नाही, म्हणून जीभ मातीमागं धावते. माती पोटात गेली म्हणून रक्त होत नाही. दवाखान्यातल्या सिस्टरनं रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या असतील, त्या कुठं आहेत?

सुंदरानं बोट दाखवलं. देवाच्या पायाशी, सुकल्या हारांखाली, पाकिटंच्या पाकिटं. सिस्टर देत होती आणि दिगंबर ठेवून घेत होता. अंगारा चालू असताना औषध घेतलं तर देव रागावतो, हा शोध त्याचाच. देव बिचारा लाल गोळ्यांची राखण करत उभा.

"आणि जेवायचं काय?"

तिथं तर आपण काडीची चूक होऊ दिली नाही, असं गिरजाबाईनं ताठ मानेनं सांगितलं. अर्धी भाकरी सकाळी, अर्धी रात्री, तीही सगळ्यांची ताटं उठल्यावर. पोटुशीनं जास्त खाल्लं की पोर मोठं होतं आणि वाटेत अडतं. पहिल्या खेपेलासुद्धा तिनं सुनेला असंच जपलं होतं.

"पहिलं पोर बारीक झालं?"

"मुठीएवढं."

"सुटका सोपी झाली?"

"लोण्यातनं केस काढावा तशी, बाबा."

"मग पोर कुठं हाय?"

…

गिरजाबाईनं पदराचा बोळा तोंडाशी धरला. तिचा हात पहिल्यांदाच सुनेच्या पाठीवर गेला.

उद्याच्या उद्या तालुक्याच्या दवाखान्यात न्यायची आणि रक्त तपासायचं, असं ठरलं. गोळ्या सिस्टर सांगेल तशा, लिंबाच्या पाण्याबरोबर. चहावर नाही. जाता जाता गिरजाबाईनं कानात सांगावं तसं विचारलं, त्या गोळ्यांनी म्हणे परसाकडला काळं होतं. बाबा म्हणाले, होऊ दे, तिथं कोण बघाय जातंय.

मग त्यांनी खुंटीवरची झोळी काढली आणि दिगंबराच्या गळ्यात घातली.

"दुपारची भिक्षा हिच्या दारात. ही पोटभर जेवून उठल्याबगर घ्यायची न्हाई."

"आन् ती जेवलीच न्हाई तर?"

"तर तूबी न्हाई."

दारातला गोसावी उपाशी परत गेला तर घराला दोष लागतो, हे गिरजाबाईला ठाऊक होतं. तिला ठाऊक आहे, हे बाबांना ठाऊक होतं.

तालुक्याच्या डॉक्टरीणबाईनं रक्त बघितलं आणि सासूला उभं आडवं झापलं. सुंदराला ठेवून घेतलं, लोखंडाचं औषध सुईतनं दिलं. आणखी उशीर झाला असता तर माय-लेकरू दोन्ही हाताला लागली नसती, असं म्हणाली.

सुंदरा घरी आली तसा दिगंबर दारात उभा. पहिल्या दिवशी आधी बाप्ये जेवले, मग पोरं, मग सासू. उन्हात ह्याच्या पोटात कावळे नुसते कोकलतायत. दुसऱ्या दिवसापासून 'अलख निरंजन' राहिलं बाजूला. गल्लीच्या तोंडापासूनच महाराजांची हाळी सुरू, "सुंदरे, जेवलीस का गं?"

मग तर तो उंबऱ्यातनं ताटात डोकवायला लागला. डाळ घट्ट वाढ, नुसतं पाणी नको. मेथी कुणासाठी झाकून ठेवलीय? अंडं उकडायला सांगितलंय डॉक्टरीणबाईनं, ते कुठंय? आता हा मठातला, ह्यानं अंड्याचं नाव घ्यायचं नाही. पण भूक लागली की माणूस शहाणा होतो.

"महाराज, भिक्षेला आलाय का माझी चूल ताब्यात घ्यायला?" गिरजाबाई चिडून म्हणाली.

"मला लई भूक लागलीय, गिरजाबाई."

तिनं सुनेच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. त्याशिवाय ही ब्याद दारातनं हलणार नव्हती.

सुंदरा भरल्या दिवसांनी दवाखान्यात बाळंत झाली. पोरगी झाली. डोळे मिटलेले, पण रडायला लागली ती अशी, की सिस्टरनं कानावर हात ठेवले. घरी आल्यावर गिरजाबाई ओट्यावर बसून त्या रडण्याचं कौतुक लाडवांसारखं गावभर वाटत होती.

सगळं झालं आणि दिगंबर एक दिवस तोंड पाडून बाबांपुढं येऊन बसला.

सुंदरा आता मठाची पायरी चढत नाही, म्हणाला. खालनं बाजाराला जाते, लेकराला काखेला मारून, गाजरं नाहीतर शेंगदाणे खात. काल आपण होऊन तिच्यापुढं मूठभर अंगारा धरला. तर तिनं नाकाला पदर लावला. म्हणाली, नको महाराज, वासानं मळमळतंय.

"एवढी थोर भक्तीण, बाबा. घालवली आपण."

बाबांनी धुनीत लाकूड सारलं…

"नको म्हणाली?"

"तोंडावर."

"मग पावला म्हणायचा की अंगारा."