साळूचा स्वेटर

फार मागे एका डोंगरात अशी थंडी पडली, की सूर्यसुद्धा दुपारपर्यंत ढगाची घोंगडी सोडत नसे. खोटं वाटत असेल तर त्या डोंगरालाच विचारा, तो अजून आखडलेला आहे.

तिथली साळू साळिंदरीण आपल्याच गळलेल्या काट्यांच्या सुया करून, मेंढीच्या लोकरीने सगळ्यांना स्वेटर विणून द्यायची. स्वतः मात्र उघडी कुडकुडायची. आता तर बोटं आखडून सुयाही हातातून गळू लागल्या होत्या.

कापशा सशाला नसत्या चौकशा फार. स्वेटरच्या उबदार गळ्यातून मान काढून त्याने विचारलं, "साळूमावशी, तुला गं का नाही स्वेटर?"

"खुळाच आहेस! माझ्या काट्यांनी त्याची चाळण नाही का व्हायची?"

"चांगली लोकर फुकट जाईल," शेजारी नवा स्वेटर घालून बसलेला कोल्हा म्हणाला.

कापशाने आपली बाही ताणून डोळ्यांसमोर धरली. पलीकडचा अख्खा डोंगर दिसला.

"मावशी, ही आधीच चाळण आहे की! सगळी भोकंच तर विणलीयस तू!"

मग त्यानेच सुया उचलल्या. वेडेवाकडे, सैल टाके घालत स्वेटर विणला आणि एकेका भोकातून एकेक काटा बाहेर काढत तिला घातला.

साळूने डोळे मिटले. "अगं बाई! असं वाटतं होय तुम्हाला?"

उन्हाळा आला, तेव्हा कळलं की तो काढायचा कसा, हे कुणी ठरवलंच नव्हतं. साळू घामाघूम होऊन हिंडायची. पण कुणी "उसवू का?" विचारलं, की पाठ करून काटे फुलवायची.