चौथे चाक

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होते आणि त्या गावात मोटारी विकणारे एकच मोठे दुकान होते. पुढे काचेच्या दालनात नव्या गाड्या उभ्या असत. मागे पत्र्याच्या लांब शेडमध्ये गाड्यांचे सर्व्हिसिंग चाले. दुकानाचे मालक होते बापूसाहेब इंगवले. शेड मात्र दिनकर मिस्त्रीची, असे सगळेच म्हणत. मिस्त्रीच्या हाताखालून गेलेली गाडी गिऱ्हाईक पुन्हा तपासून बघत नसे.

शेडमध्ये प्रत्येक गाडीच्या आरशाला एक कार्ड लटकत असे. एकेक काम झाले की त्यावर खूण करायची. सगळ्या खुणा दिसल्या की किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची.

त्याच गावात एक डॉक्टरीणबाई राहत. घाटावरच्या वाड्यावस्त्यांत त्यांच्याखेरीज दुसरे डॉक्टर जात नसत. त्यांची गाडी येसबा चालवी. सत्तावीस वर्षे तो त्यांना घाटातून वर नेत होता आणि खाली आणत होता. इतक्या वर्षांत गाडीला साधा ओरखडासुद्धा उमटला नव्हता.

त्या दिवशी खंडेनवमी होती. बाई सकाळच्या एसटीने वर गेल्या होत्या. सर्व्हिसिंग झाले की येसबाने गाडी घेऊन त्यांना आणायला जायचे, असे ठरले होते.

खंडेनवमीला शेडमध्ये अर्धाच दिवस काम चाले. मग सगळे पाने, पकडी, हातोड्या धुऊनपुसून सतरंजीवर मांडत. त्यांना हळदकुंकू लावत, झेंडूची फुले वाहत. पूजेत ठेवलेले हत्यार दसरा उजाडेपर्यंत कोणी उचलायचे नाही, अशी तिथली रीत होती. ती मिस्त्रीनेच घालून दिली होती. हत्यारे वर्षभर आपल्यासाठी राबतात, एक दिवस त्यांनाही विसावा हवा, असे तो म्हणे.

बाईंच्या गाडीचे ब्रेक मिस्त्रीने स्वतः केले. चारही चाके पुन्हा बसवली. तीन चाकांचे नट पान्याने आवळले. चौथ्याचे नट हाताने फिरवून ठेवले होते, इतक्यात हाक आली.

“मिस्त्री, या लवकर! नारळ ताटकळलाय!”

पूजेला दर वर्षी मिस्त्रीच बसे. एकाने त्याच्या हातातला पाना घेतला. “हा एवढाच राहिलाय मांडायचा,” असे म्हणून तो धुवायला घेऊन गेला. आरती झाली की चाक आवळू, असे मिस्त्री मनाशी म्हणाला. कार्डावर त्याने चारही चाकांपुढे आधीच खुणा करून ठेवल्या होत्या. ती त्याची जुनी सवय होती. त्या सवयीने आजवर कधी घात केला नव्हता.

आरती झाली. पाना फुलांखाली होता. तो उचलावा की नाही, हे मिस्त्रीला ठरवता येईना. आधी प्रसाद वाटू, मग बघू, असे म्हणून तो प्रसाद वाटू लागला आणि त्या गडबडीत विसरून गेला. तेवढ्यात कोणीतरी कार्डावरच्या खुणा पाहिल्या. गाडी जॅकवरून उतरवली, बॉनेटवर झेंडूचा हार घातला आणि किल्ली येसबाच्या हातात दिली.

घाटातल्या दुसऱ्या वळणावर पुढचे डावे चाक निखळले. गाडी कलंडली आणि डोंगराच्या कडेच्या चरीत जाऊन आदळली. येसबाच्या मांडीचे हाड मोडले.

शेडमध्ये निरोप आला तेव्हा मिस्त्री हात धूत होता. कोणते चाक, हे त्याने विचारले नाही. तो तसाच ओल्या हातांनी बापूसाहेबांच्या खोलीत गेला आणि त्याने सगळे सांगितले.

बापूसाहेब वाईट माणूस नव्हते. पण ते घाबरले.

“मिस्त्री, मला सांगितलंत ते सांगितलंत. आता दुसऱ्या कोणापाशी बोलू नका. या शेडवर बावीस घरं चालतात.”

मिस्त्री बाहेर आला. शेडमधले लोक खाली मान घालून उभे होते. त्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिले आणि तो गप्प राहिला.

चार दिवसांनी डॉक्टरीणबाई दुकानात आल्या. बापूसाहेब परगावी गेलेत, असे त्यांना सांगण्यात आले. दोन दिवसांनी त्या पुन्हा आल्या. कंपनीचा माणूस येऊन तपासणी करील, मग कळवू, असे उत्तर मिळाले. त्यानंतर दुकानाच्या छापील कागदावर एक पत्र त्यांच्या घरी आले आणि त्याची एक प्रत येसबाच्या घरी गेली. त्यात लिहिले होते की दुकानाच्या कामात कोणताही दोष आढळला नाही. चालकाला डुलकी लागल्यामुळे गाडी दगडावर आदळली आणि बोल्ट तुटून चाक निघाले असावे.

पत्र घेऊन बाई तिसऱ्यांदा आल्या. आधी त्या शेडमध्ये गेल्या. ओढून आणलेली गाडी कोपऱ्यात उभी होती. तिच्यापाशी वाकून त्यांनी नीट पाहिले आणि मग बापूसाहेबांच्या समोर येऊन बसल्या.

“बोल्ट तुटले म्हणता. ते तर शाबूत आहेत.”

“बाई, ते तांत्रिक असतं. तुम्हाला कसं सांगू?”

“मी रोज हाडं बघते, बापूसाहेब. मोडलेलं आणि निखळलेलं यातला फरक मला कळतो.”

बापूसाहेबांनी विषय बदलला. “तुमची अडचण होऊ देणार नाही. आमची एक गाडी वापरायला घेऊन जा.”

“मला गाडी नको. चाक का निघालं, तेवढं सांगा.”

“हट्ट कशाला धरता? माणूस वाचला ना?”

बाईंनी पत्राची घडी घातली. मग त्या उठल्या.

“किती वाचला, ते एकदा त्याच्या घरी जाऊन बघा.”

मिस्त्री दाराबाहेर उभा होता. त्याने हे ऐकले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामावर गेला नाही. चार संत्री घेऊन तो येसबाच्या आळीत गेला.

येसबा खाटेवर पडला होता. पाय प्लास्टरमध्ये होता. दाढी वाढली होती. त्याची बायको हौसाबाई तांदूळ निवडत बसली होती.

“या मिस्त्री, बसा,” ती म्हणाली. “बघा आमचे महाराज! चालत्या गाडीत झोपले, आणि आता खाटेवर आहेत तर डोळ्याला डोळा नाही.”

“खरं आहे तिचं,” येसबा म्हणाला.

त्याच्या उशाशी दुकानाचे पत्र होते. घडी घालून घालून ते मऊ पडले होते. शेजारच्या पोराने ते ओट्यावर बसून मोठ्याने वाचून दाखवले होते. त्यामुळे साऱ्या आळीला ते ठाऊक झाले होते.

“मला आठवत नाही बघा झोप लागल्याचं,” येसबा सांगू लागला. “चाक खडखडत होतं, ते आठवतं. रस्ता उकरलेला होता, म्हटलं रस्त्याचाच आवाज. पण छापून आलंय म्हणजे लागली असणार डुलकी. झोपलेल्या माणसाला आपण झोपलो हे कुठं कळतं?”

मिस्त्रीने मान वर केली नाही.

“बाई गाडीत नव्हत्या, देवाची कृपा. पण सत्तावीस वर्षं त्यांना घेऊन फिरलो हो. त्यातल्या किती फेऱ्यांना मी असा झोपलो असेन? इथं पडल्या पडल्या एकेक वळण आठवतो. या वळणाला जागा होतो का? त्या वळणाला होतो का? आता कुठल्याच वळणाची खात्री देता येत नाही. लायसन बाईंकडं देऊन टाकलं. म्हटलं, नको आपल्याला.”

तो थांबला. मग मिस्त्रीकडे वळून म्हणाला, “तुम्ही एवढं चोख काम करून, हार घालून गाडी दिलीत आणि मी ती चरीत घातली. माफ करा.”

मिस्त्रीच्या हातातली संत्री जमिनीवर पडली. ती कोणी उचलली नाहीत.

“येसबा, तुम्ही झोपला नव्हता,” तो म्हणाला. “ते चाक मी आवळलंच नव्हतं.”

मग त्याने नारळाची हाक, पाना, कार्डावरच्या खुणा, सगळे सांगितले. काही वगळले नाही. हौसाबाईचा तांदळातला हात थांबला.

“म्हणजे मी जागा होतो?” येसबाने विचारले.

“जागे होता.”

“पुन्हा सांगा.”

“जागे होता, येसबा. चूक माझी आहे.”

येसबा कोपर टेकून उठून बसला. त्याचा आवाज चढला. “तेरा दिवस झाले, मिस्त्री! तेरा दिवस तुम्हाला हे ठाऊक होतं?”

“होतं.”

“पायाचं काही नाही. पाय भरून येईल. पण तुम्ही मला...”



हौसाबाई सूप बाजूला ठेवून उठली. “मिस्त्री, आम्हा दोघांना सांगून भागायचं नाही. कागद साऱ्या आळीनं ऐकलाय.”

मिस्त्री ओट्यावर आला. नळावर बायका होत्या, समोर दोन म्हातारे बसले होते. त्यांना हाक मारून त्याने तेच पुन्हा सांगितले. एक म्हातारा म्हणाला, “अरे, मग एवढे दिवस जीभ काय सासरी गेली होती?” मिस्त्रीने तेही ऐकून घेतले. तिथून तो थेट दुकानात गेला.

“मालक, मी येसबाच्या आळीत सांगून आलो,” तो म्हणाला. “मला कामावरून काढलंत तरी चालेल. पण तो कागद बदला.”

बापूसाहेब संतापले. “मला विचारलंत का?”

“विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता.”

बापूसाहेब काचेतून बाहेर बघत राहिले. मग त्यांनी विचारले, “येसबा काय म्हणाला?”

“म्हणाला, ‘म्हणजे मी जागा होतो?’”

बापूसाहेब टेबलाकडे वळले. त्यांनी खणातून कोरा कागद काढला. या वेळी मजकूर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला. चाक न आवळता गाडी दिली गेली, ही दुकानाची चूक आहे. ती माहीत असूनही आम्ही खोटे लिहिले. येसबांचा यात काहीही दोष नाही. खाली त्यांनी सही केली. मिस्त्रीनेही केली.

संध्याकाळी दोघेही कागद घेऊन डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेले. बाईंनी तो उभ्यानेच वाचला. त्या रागावल्या नाहीत, की बरे केले असेही म्हणाल्या नाहीत.

“गाडीचं नंतर बघू,” त्या म्हणाल्या. “हा जिथं वाचायला हवा, तिथं आधी चला.”

येसबाच्या ओट्यावर बापूसाहेबांनी कागद मोठ्याने वाचला. वाचताना त्यांचा आवाज दोनदा अडखळला. आळी शांतपणे ऐकत होती. वाचून झाल्यावर ते आत जाऊन येसबाच्या पाया पडू लागले, तेव्हा येसबाने त्यांना हाताने थांबवले. “राहू द्या,” एवढेच तो म्हणाला. मालक आणि मिस्त्री निघून गेले. बाई मागे राहिल्या.

“बाई, मी झोपलो नव्हतो,” येसबा म्हणाला.

“मला माहीत होतं.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“रोज सांगत होते, येसबा. इथंच बसून सांगत होते. माझ्या तोंडून तुम्हाला पटत नव्हतं.”

येसबाने थोडा वेळ विचार केला. बाई खरे सांगत होत्या. त्या रोज येत होत्या, रोज हेच सांगत होत्या, आणि त्या माया करतात म्हणून असे बोलतात, असे त्याला वाटत होते.

त्याने भिंतीकडे तोंड फिरवले आणि तो रडू लागला. बाईंनी त्याला थांबवले नाही. त्या खाटेशेजारी बसून राहिल्या.

तात्पर्य: आपण दडवलेली चूक नाहीशी होत नाही, ती एखाद्या निरपराध माणसाच्या मनावर जाऊन बसते. दुसऱ्या कोणाच्या मायेने ती तिथून उठत नाही, ज्याची चूक त्याच्याच कबुलीने उठते. म्हणून कबुली द्यायला एका दिवसाचाही उशीर करू नये.