बंधाऱ्याचं पोट

माणसानं नदीवर पयलाच बंधारा घातला, तवाची गोष्ट. बंधाऱ्याच्या बुडाला एक बारकं दार ठेवलं व्हतं. पावसाळ्यातलं पयलं गढूळ पाणी त्यातनं सोडायचं, गाळ जाऊ द्यायचा, मग दार लावून निवळ पाणी धरायचं. उन्हाळ्यात तेच खालच्या अंगाला द्यायचं. बंधारा घातला तो त्याच्यासाठीच.

पर ह्याला भरायची लई घाई.

दार म्हनालं, "दादा, मला उघड. गाळ जाऊ दे."

"गप रं भोका! आलेलं पाणी सोडाया मी काय येडा हाय?"

चार पावसाळे दार उघडलंच नाही. पाणी काठोकाठ दिसायचं. बगळे येऊन वा वा करायचे, आन हे बेणं फुगायचं.

पाचव्या उन्हाळ्यात खालचा डोह आटला. तिथली खेकडी पोटाखाली पिल्लं धरून तापल्या दगडांवरनं वर आली.

"दादा, ओंजळभर सोड. पिल्लं सुकाय लागली."

"ओंजळ कशाला? आख्खी नदी सोडतो! ए दारा, उघड!"

दार कण्हत उघडलं. तोंडात चिखलाचा गोळा आला आन तिथंच अडकला. वर बघावं तर वीतभर पाणी, तेबी कढत. बाकी सगळं पोट गाळानं भरलेलं.

"किती येळा सांगितलं तुला," दार म्हनालं.

पोटाखालचं एकएक पिल्लू खेकडीनं पायानं हलवून बघितलं. एकबी हललं नाही.

पुढच्या पावसाळ्यात चार सरींतच बंधारा काठोकाठ दिसाया लागला.

बगळे म्हनाले, "वा! यंदा लवकर भरला की!"