केवडेवाली, मोगरेवाला आणि चंदनी पेटी

एका राज्यात सात वर्षे कशालाच वास नव्हता. मोगरा फुले, फोडणी चरचरे, पण नाकाला पत्ता नाही. राजाने भर दरबारात एका मांत्रिकाचा अपमान केला होता. त्या मांत्रिकाने रागाने राज्यातले सगळे गंध चंदनी पेटीत कोंडले आणि पेटी डोंगराच्या पोटात ठेवली. झाले!

राजधानीत अत्तराची दोन दुकाने समोरासमोर होती. केवड्याचे चारुमतीचे, मोगऱ्याचे सोमदत्ताचे. दोघांचे हाडवैर. त्या पेठेची रीतच अशी, की अत्तरवाल्याने दुसऱ्याच्या अत्तराला चांगले म्हणायचे नाही. जीभ झडली तरी नाही.

राजाने दवंडी पिटवली, "दोघांपैकी जो पेटी आणील तो राजगंधी, दरबाराचा अत्तरवाला. दुसऱ्याची अत्तराची भट्टी कायमची विझवू."

चारुमतीची भट्टी बापाने पेटवलेली. हिला विझू देऊ नकोस, एवढेच तो जाताना बोलला होता. पण डोंगराचे दार उघडायचे ते फक्त वाङ्‌निश्चय झालेल्या जोडप्याला. मग काय करते बिचारी? रस्ता ओलांडून गेली.

"सोयरीक करू. खोटी. पेटी मिळाली की मोडू. पुढचे ज्याचे त्याने बघावे."

"साखरपुडा तुमच्या दारी की माझ्या?" सोमदत्ताने विचारले.

"कुणाच्याच नाही. चौकात."

चौकात साखर वाटली. पेठ चाट पडली.

डोंगराच्या दाराशी एक म्हातारी साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "कामे तीन. लबाडी कराल तर दगड व्हाल." वाटेच्या दोन्ही अंगांना दगडी जोडपी उभी होती, हातात हात घालून. चारुमतीने तिकडे पाहिलेच नाही.

पहिले काम, सातशे पायऱ्या हात न सोडता चढणे. केवडा किती उकळावा यावरून दोघे पायरीपायरीला भांडले, पण हात सुटला नाही. दुसरे काम, सात दिवस एक भट्टी धगधगती ठेवणे. एकाने डुलकी घ्यावी, दुसऱ्याने फुंकर मारावी. चौथ्या दिवशी चारुमतीला जाग आली, तर अंगावर त्याचे उपरणे. तिने घडी घालून ते परत दिले. जरा उशिराच दिले.

तिसऱ्या कामाला साळुंकी म्हणाली, "एकमेकांच्या अत्तराविषयी खरे सांगा."

खरे बोलावे तर ते राजाच्या कानी जाऊन राजगंधी तो, आणि बापाची भट्टी थंड. ती गप्प राहिली. तशी तिची पावले दगडाची होऊ लागली.

"तुमचा मोगरा माझ्या केवड्याहून चांगला आहे," ती म्हणाली. "गंध जाण्याआधी एक कुपी चोरून आणवली होती. सात वर्षे वास नाही, तरी उशीखाली ठेवते."

सोमदत्त म्हणाला, "केवडा मी तीनदा करून पाहिला. तुमच्यासारखा जमेना. तिन्ही वेळा ओतून दिला. आणि ही सोयरीक मला मोडायची नाही."

डोंगराच्या पोटातली पेटी आपोआप उघडली. राज्यभर फुले दरवळली, आणि वाटेवरची दगडी जोडपी धडाधड शिंकत जागी झाली.

दोघांनी पेटी राजापुढे ठेवली. राजाने विचारले, "भट्टी कुणाची विझवू?"

"माझी," चारुमती म्हणाली.

"माझी विझली, महाराज," सोमदत्त म्हणाला. "निखारे सकाळीच हिच्या भट्टीत घालून आलोय."

राजाने दोघांनाही राजगंधी केले. पेठेत पुन्हा साखर वाटली. या खेपेला चारुमतीच्या दारी.