न पाझरणारा माठ

नदीकाठच्या एका गावात एक कुंभार राहत होता. हात सोन्याचा, पण तोंडात सदा स्वतःचंच कौतुक. असा माणूस शेजारी असला तर करमणूक होते, घरात असला तर बायकोची पंचाईत.

एकदा त्याच्या मनानं घेतलं की माठ पाझरतो ही कुंभाराच्या कामातली खोटच. झालं! मातीत दगडाची पूड मिसळून, भट्टी जास्त तापवून त्यानं असा माठ घडवला, की थेंबभर पाणी बाहेर येईना. आनंदानं तो नाचायचाच बाकी राहिला. उन्हाळ्यासाठी साठवलेली सगळी माती, सगळं सरपण त्यानं असल्याच माठांवर घालवलं.

"अहो, थोडे साधेही करा," कुंभारीण म्हणाली. "पावसाळ्यात चाक बंद. हे खपले नाहीत तर आपण खायचं काय?"

"खपतील म्हणजे? उड्या पडतील लोकांच्या!"

उड्या पडल्याही. पण पुढच्या बाजाराला जो तो माठ परत घेऊन हजर.

"अरे बाबा," एक आजी म्हणाली, "भर उन्हाळ्यात ऊन पाणी पाजतोस होय आम्हाला?"

माठ पाझरतो म्हणूनच पाणी गार होतं, हे शेंबडं पोरही सांगेल. हुशारीच्या भरात कुंभारच तेवढा ते विसरला होता. "गाढवाला गुळाची चव काय!" असं पुटपुटत तो घरी आला खरा, पण अंगणातली माठांची रास बघून डोक्याला हात लावून बसला.

कुंभारीण म्हणाली, "तो तेली रोज ओरडतो, निम्मं तेल मडकीच पितात म्हणून. त्याला विचारा ना."

"मी का जाऊ कुणाच्या दारी? ज्याला गरज असेल तो येईल."

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी माठ खांद्यावर घेऊन स्वारी निमूट तेल्याकडे गेली.

तेल्यानं माठात तेल भरून ठेवलं. संध्याकाळी बाहेरून हात फिरवला, तर माठ कोरडा ठणठणीत! तेली खूश झाला. "घरच्या साठवणीला हे सगळे माठ घेतो. पण दादा, तेल बाजाराला न्यायला हे कामाचे नाहीत. गाडी हिंदकळली की सांडणार. मान निमुळती करा, दोरी बांधायला कान ठेवा."

कुंभाराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्या कामात हा खोट काढणार? माठ उचलून चालू लागावं असं त्याला वाटलं. पण पावसाळा तोंडावर होता. त्यानं राग गिळला आणि विचारलं, "आणखी काय अडतं तुझं?"

मग तेली बोलत राहिला आणि कुंभार, जन्मात पहिल्यांदाच, ऐकत राहिला. तेल्यानंच गाडीभर माती आणि सरपण आणून दिलं. पाऊस लागायच्या आत निमुळत्या मानेची मडकी तयार झाली, आणि ती बघून पंचक्रोशीतले तेली कुंभाराचं दार शोधत आले.

एके दिवशी शेजारगावचा एक कुंभार येऊन म्हणाला, "दादा, तुमच्या मातीचं गुपित सांगाल का?"

"माती काय, आत्ता सांगतो," कुंभार म्हणाला. "पण आधी तू सांग, मडकं कुणासाठी करणार आहेस?"

तात्पर्य: विद्या घरात शिकता येते, तिचं मोल मात्र दुसऱ्याच्या दारी जाऊन, त्याची अडचण ऐकल्यावरच होतं.