दुःखवाटणीचा शाप

एका राज्यात, सात डोंगरांच्या आड, एक नगर होतं. आणि त्या नगरात कुणाला एकट्यानं आजारी पडण्याची मुभा नव्हती. कुणाच्या अंगात ताप भरला, की दिवस मावळायच्या आत त्याच्या दारी वाटी जाई. वाटीत गूळपाणी असे. पहिला घोट आजाऱ्याचा, दुसरा घरच्यांचा, मग आळीतल्या झाडून सगळ्या थोरामोठ्यांचा एकेक. याला दुःखवाटणी म्हणत. जितक्या तोंडांनी दुःख प्यावं तितकं ते पातळ होतं, असा त्या लोकांचा समज होता.

वाटी नेण्याचा मान राही नावाच्या बाईकडे होता. वय चाळिशीचं, नवरा वारलेला, शेवंता नावाची पंधरा वर्षांची एक मुलगी तेवढी घरात. वाटी नेणारीनं स्वतः घोट घ्यायचा नसे. एकाच्या ओठांवरून वाटी काढायची, पदरानं तिची कड पुसायची आणि दुसऱ्याच्या ओठांना लावायची. वीस वर्षं राहीनं हे काम केलं. एक दार चुकवलं नाही, एक थेंब सांडला नाही.

त्या वर्षी राजा रत्नध्वज शिकारीला गेला असता त्याला एका मांत्रिकाचा खजिना सापडला. गुहेच्या तोंडाशी मांत्रिक मरणाला टेकलेला होता. तो म्हणाला, "राजा, हात लावू नकोस. यातलं जे नेशील, त्यातून तुमची मायाच तुम्हांला मारील."

राजा म्हणाला, "मायेनं कुणी मरत नाही." त्यानं एक सोन्याची वाटी उचलली, आणि जुनी मातीची वाटी नदीत सोडून दुःखवाटणीला ही नवी दिली.

तिसऱ्या दिवशी एका कासाराला ताप आला. त्याची जीभ विझलेल्या चुलीतल्या राखेसारखी करडी झाली, आणि सातव्या दिवशी गळा मिटून तो गेला. तोवर त्याची बायको अंथरुणाला खिळली होती, दोन भाऊ खिळले होते. ज्या आळीनं त्याचं दुःख वाटून घेतलं, त्या आळीत दहा घरी ताप शिरला. लोकांनी रोगाला राखजीभ असं नाव दिलं. आजारी वाढले, तशा वाटण्या वाढल्या. वाटण्या वाढल्या, तसे आजारी वाढले. राही सकाळपासून दिवेलागणीपर्यंत वाटी घेऊन या दारातून त्या दारी फिरत राहिली.

एका सकाळी शेवंता उठली नाही. राहीनं तिच्या कपाळाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. मग तिनं पोरीला तोंड उघडायला लावलं. जिभेच्या टोकावर करडा ठिपका होता.

कुमारिकांनी वाटणीचा घोट घ्यायचा नाही असा नियम होता, आणि शेवंतानं तो कधी मोडला नव्हता. मग हे घरात आलं कुठून?

तेवढ्यात शेजारची जनाक्का दाराशी आली. "राही, राजवाड्यातून निरोप आहे. राणीसाहेबांना ताप आलाय. दुपारी सगळ्या नगरानं चौकात जमायचं आणि वाटी घ्यायची." मग तिची नजर अंथरुणाकडे गेली. "अगं बाई. तुझीपण? जा, पाणी आण लवकर. लोकांच्या दारी धावत जात होतीस, आता स्वतःच्या दारी पाय का ओढतेस?"

वाटणीचं पाणी देवराईतल्या झऱ्याचं लागे. राही वाटी घेऊन गेली. झऱ्यावरच्या जुन्या झाडावर एक धनेश पक्षी बसला होता. झाडाची ढोली चिखलानं लिंपलेली होती. बोटभर फट तेवढी उरली होती, आणि त्या फटीतून तो आत बसलेल्या मादीला एक उंबर देत होता.

धनेश म्हणाला, "बाई, ते पाणी वाटीत भरू नकोस."

राही म्हणाली, "माझी मुलगी आजारी आहे. मला थांबायला वेळ नाही."

"म्हणूनच थांब. हे पीस डोळ्यावर धर आणि आपल्या हातांकडे पाहा."

पीस ढोलीखाली पडलेलं होतं. राहीनं ते डोळ्यावर धरलं. वाटीच्या कडेवरून करडे धागे लोंबत होते, केसाहून बारीक, आणि ते हलत होते. धागे तिच्या बोटांवर चढले होते, नखांत शिरले होते. सगळ्यांत दाट झुबका पदराच्या टोकाला होता. त्याच पदरानं तिनं काल सगळ्यांच्या तोंडची वाटी पुसली होती. त्याच पदरानं रात्री शेवंताचं तोंड पुसलं होतं.

पदर अंगावरून काढून टाकावा की घट्ट मुठीत धरावा, हे तिला कळेना.

धनेश म्हणाला, "हा धागा तोंडातून तोंडात जातो. हातावरून जातो, पाण्यातून जातो, खोकल्याबरोबर उडतो. त्याला रोज नवं तोंड लागतं. तीन कामं कर. पहिलं: तोंडात जाणारं पाणी आणि तोंडाला लागणारं भांडं आधी खळखळून उकळव, ज्याचं भांडं त्याचंच. दुसरं: खाण्याआधी आणि आजाऱ्याला शिवल्यावर हात राखेनं चोळून वाहत्या पाण्यानं धू. तिसरं: आजाऱ्यापाशी एकच माणूस ठेव, नाकातोंडाला फडकं बांधलेलं, आणि दोघांना भिंतीआड कर. एकवीस दिवस धाग्याला नवं तोंड मिळालं नाही, तर तो मरेल आणि शापही मरेल. एक जरी मिळालं, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून."

"हे मी माझ्या घरी करीन."

"एका घरानं भागणार नाही. सगळ्या नगरानं करावं लागेल. आणि ते तुला निर्दयी म्हणतील."

राही पाणी न भरता, वाटी आणि पीस घेऊन निघाली. जाताना तिनं पदराचं टोक फाडलं आणि वाटेतल्या कुंभाराच्या भट्टीत टाकलं.

दुपारी राजवाड्याच्या चौकात मुंगी शिरायलाही जागा नव्हती. माणसं खोकत होती आणि एकमेकांना धीर देत एकमेकांचे हात धरत होती. राहीनं चालता चालता एकदाच पीस डोळ्यावर धरलं आणि लगेच काढलं. सगळा चौक कोळ्याच्या जाळ्यात गुंडाळल्यासारखा दिसला होता.

राजानं विचारलं, "पाणी कुठं आहे?"

"आणलं नाही, महाराज."

"का?"

"या वाटीतून दुःख वाटलं जात नाही. मरण वाटलं जातं. वीस वर्षांत कधी झालं नाही ते आता माझ्या हातून झालं."

चौकात कालवा झाला. कुणी म्हणालं, स्वतःच्या पोरीसाठी घाबरली. कुणी म्हणालं, हिचं काळीज दगडाचं. जनाक्का मोठ्यानं म्हणाली, "माझ्या दिराच्या वेळी आली होतीस की वाटी घेऊन. तेव्हा नाही आठवलं मरण?"

राहीनं पीस दोन्ही हातांनी राजापुढे धरलं. "महाराज, एकदा पाहा. मग काय ती शिक्षा द्या."

राजानं पाहिलं. आधी वाटीकडे, मग लोकांकडे, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे. सकाळी त्याच हातानं त्यानं राणीला पेज भरवली होती. त्याचा चेहरा उतरला.

मग पीस राहीला परत देत म्हणाला, "उपाय सांग." राहीनं तिन्ही कामं सांगितली.

"राणीपाशी कुणी राहायचं?"

"एकानं. पण तो एकवीस दिवस बाहेर येणार नाही."

"मी राहीन," राजा म्हणाला. "खजिन्याला हात मी लावला होता."

चौकात मोठा खड्डा खणून आग पेटवली आणि वाटी तिच्यात टाकली. सोनं वितळलं नाही. रात्रंदिवस पेटत्या ठेवलेल्या आगीत ते तसंच चमकत राहिलं. मग सगळ्या नगराच्या डोळ्यांदेखत गवंड्यांनी राणीच्या महालाचं दार मडकं सरकेल एवढी फट ठेवून चिखलानं लिंपलं आणि राजा फटीआड दिसेनासा झाला. त्यानंतर राहीला निर्दयी म्हणायची कुणाची छाती झाली नाही. घरोघरी आजाऱ्यांची दारं तशीच लिंपली जाऊ लागली.

राही घरी गेली, तोंडाला फडकं बांधलं आणि शेवंताच्या खोलीत शिरली. मागून दार लिंपण्याचा ओला आवाज येत राहिला.

रोज संध्याकाळी दवंडीवाला आळीतून जाई. "आज सहा नवी घरं." "आज चार." "आज दोन." राही फटीशी कान लावून बसे. आत चूल होती, राख होती, पाणी सतत उकळत असे. उंबऱ्याबाहेर रोज कुणीतरी पेजेचं मडकं ठेवून दोन पावलं मागे सरे आणि खाकरे. ती जनाक्का होती. बोलत मात्र नसे.

सातव्या दिवशी शेवंताचा गळा मिटू लागला. श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. राहीनं पीस डोळ्यावर धरलं. पोरीच्या तोंडातून करडा धागा बाहेर आला होता आणि भिंती चाचपत होता. फटीवर ओलं फडकं होतं. तो तिथून वळला. राहीच्या हातांवर आला. हात धुतलेले होते, तिथं त्याला धरायला काही सापडेना. मग तो तिच्या तोंडावरच्या फडक्यावर येऊन थांबला आणि हळूहळू त्याची वीण तपासू लागला. राही हलली नाही. ती उकळून कोमट केलेलं पाणी चमच्यानं लेकीच्या ओठांत सोडत राहिली, थेंब थेंब, उजाडेपर्यंत. उजाडताना शेवंतानं एक घोट गिळला.

त्याच सकाळी राजवाड्यातली घंटा वाजली. राणी गेली होती.

दवंडी म्हणू लागली, "नवं घर नाही. पहिला दिवस." मग दुसरा, मग तिसरा. बाराव्या दिवशी दवंडीवाला आळीच्या तोंडाशी थांबला. एका म्हातारीनं ताप आलेल्या मुलाला लपवून त्याच्या पेल्यातलं अर्धं पाणी प्यायलं होतं. एकटा कसा ठेवू, म्हणाली. "एक नवं घर," तो म्हणाला.

शेवंता आता उठून बसू लागली होती. "आई, पुन्हा पहिल्यापासून?"

"पुन्हा."

"मी तर बरी झाले."

"ती म्हातारी बरी झालेली नाही."

बाहेर मोजणी पुन्हा सुरू झाली. आळीतले लोक आता संध्याकाळी आपापल्या अंगणात, एकमेकांपासून काठीभर अंतरावर बसत आणि आतल्या आजाऱ्यांना ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात दिवसभराच्या गोष्टी सांगत. कुणाची म्हैस व्याली, कुणाचं छप्पर गळलं. फटींमागून कधी हसू येई, कधी रडू.

नव्या मोजणीच्या एकविसाव्या दिवशी सूर्य कलताना चौकातल्या आगीत सोन्याची वाटी तडकली आणि तिची काळी भुकटी झाली. राहीनं पीस डोळ्यावर धरलं. कुठं काही नव्हतं. फटीतून आलेल्या उन्हात धूळ तेवढी तरंगत होती.

राजा बाहेर आला तेव्हा त्याचे केस पांढरे झाले होते. त्यानं आज्ञा केली, की यापुढे दुःखवाटणी उंबऱ्याबाहेरून होईल, आणि प्रत्येक तोंडाला आपलं भांडं असेल. ती आज्ञा अजून चालते.

राहीचं दार जनाक्कानं स्वतः कुदळीनं फोडलं. ढेकळं बाजूला पडली. शेवंता वाळून काडी झाली होती, पण उभी होती. जनाक्का तिला पोटाशी घ्यायला धावली, आणि मधेच थबकली. दोन्ही तळवे तिनं पुढे केले. ते ओले होते आणि त्यांना राखेचा वास येत होता.

"धुतलेत गं," ती राहीकडे बघून म्हणाली. "आता घेऊ का हिला?"

राहीनं तोंडावरचं फडकं सोडलं आणि मान डोलावली.

असं ते राज्य मरणाच्या तोंडून परत आलं. जे त्यांनी उशिरा जाणलं, ते ऐकणाऱ्यांनी वेळेवर जाणावं.